शेल्टरमधून आणलेली कुत्री आधी एकदम गरीब होती, आता गुरगुरायला लागलीय

दुपारची_झोप

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहायची वेळ आलीच. महिन्याभरापूर्वी आम्ही शेल्टरमधून एक कुत्री दत्तक घेतली. वय त्यांच्या अंदाजाने चारेक वर्षं, ऑपरेशन झालंय, लसी झाल्यात, पण त्याआधीचं काहीच माहीत नाही, घरात होती की रस्त्यावर, कुणी मारलंय का, काही म्हणजे काही नाही. नाव गुंडी, लेकीने ठेवलंय.

आल्या आल्या जी सोफ्याच्या मागे शिरली ती तिथेच. खाणं तिथे नेऊन ठेवायचो, आम्ही खोलीत असेपर्यंत तोंड लावायची नाही आणि सकाळी बघावं तर भांडं रिकामं. भुंकणं नाही, चपला कुरतडणं नाही, हात लावला तर लावू द्यायची, अंघोळ घातली तर हू की चू न करता घालून घेतली. आम्ही सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटलो की काय गुणी भुभू मिळालंय.

आणि आता अचानक वेगळंच. सोफ्यावर चढून बसते आणि कुणी जवळून गेलं, विशेषतः डोक्याकडे हात नेला, की गुरगुरते. घरभर माझ्या मागे मागे, मी बाथरूममध्ये गेले तरी दाराबाहेर कुईकुई. पंधरा मिनिटं खाली जाऊन आले तर शेजारच्या काकू म्हणाल्या रडत होती सारखी. अर्धा तास फिरवून आणलं तरी घरात येऊन दहा मिनिटांत गालिच्यावर शू. आणि नवऱ्याला बघून अजूनही भिंतीला चिकटून जाते, तो बिचारा आवाजसुद्धा चढवत नाही कधी. सासूबाईंचं म्हणणं की लाडाने बिघडली, झेपत नसेल तर परत देऊन या. लेक आठ वर्षांची आहे म्हणून मलाही जरा धाकधूक वाटते. कुणाला असा अनुभव आहे का? हे असंच वाढत जातं का?

अडगळीची_खोली

आधी एक दीर्घ श्वास घ्या ताई. तुमची गुंडी बिघडलेली नाही, ती आत्ता कुठे तुमच्या घरी आलीय.

मी आत्तापर्यंत शेल्टरमधली मोठ्या वयाची तीन भुभी आणलीत आणि तिघांचं हेच झालं. सुरुवातीचं ते "गुणी" प्रकरण असतं ना, ते बऱ्याचदा गुण वगैरे काही नसून भीतीने गोठून जाणं असतं. आठवून बघा, हात लावू द्यायची म्हणजे नेमकं काय करायची? अंग सैल सोडून कलायची की शेपूट पोटाखाली घालून, कान मागे टाकून, नजर दुसरीकडे वळवून नुसती उभी राहायची? मधेच ओठावरून जीभ फिरवायची का, झोप नसताना जांभया द्यायची का? दुसरं असेल तर ती सहन करत होती, एवढंच. आता गुरगुरतेय म्हणजे तिला पहिल्यांदा असं वाटतंय की या घरात नको म्हटलं तर चालतं. मला विचाराल तर ही चांगली बातमी आहे, तुमच्या सासूबाईंना पटणार नाही पण आहे.

रेस्क्यूवाले तीन-तीन-तीन म्हणून एक ठोकताळा सांगतात, पहिले तीन दिवस नुसता धक्का, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळायला लागतं आणि खरा स्वभाव वर यायला लागतो, आणि तीन महिन्यांनी हे आपलं घर असं वाटायला लागतं. ठोकताळाच आहे हां तो, माझ्या मधल्या भुभूला वर्ष लागलं आणि तरी पाहुणे आले की तो आतल्या खोलीतच असतो, आम्हीही त्याला बाहेर ओढत नाही. पण तुमचा महिना बघता सगळं अगदी वेळेवर चाललंय.

गुरगुरण्यावर ओरडू मात्र नका. ओरडलं की गुरगुरणं थांबतं पण भीती तशीच राहते, मग पुढच्या वेळी इशारा न देता सरळ दात. सोफ्यावरून उतरवायचं असेल तर पट्टा धरून ओढायचं नाही, लांब उभं राहून ट्रीट जमिनीवर टाकायची, उतरली की शाबास म्हणायचं. रोज काही नसताना पाच-सहा वेळा हा "उतर" खेळ खेळा, मग खरंच उतरवायची वेळ येईल तेव्हा तिला त्यात काही गमवावं लागतंय असं वाटणार नाही. तोंडात काही धरलं असेल तरी तेच, हिसकावायचं नाही, त्याहून भारी काहीतरी देऊन अदलाबदल.

आणि तिला एक जागा द्या जिथे कुणीही म्हणजे कुणीही तिला हात लावणार नाही. कोपऱ्यात गादी, टेबलाखाली, दार उघडं असलेला क्रेट म्हणजे पिंजरा, काहीही. तिथे ती गेली की ती घरात नाहीच असं समजायचं. हा नियम लेकीलाही आणि सासूबाईंनाही.

बिनधास्त७

सगळे उगाच फार मानसशास्त्र लावताय. कुत्रं हे कळपातलं जनावर आहे, त्याला बॉस कोण ते दाखवावं लागतं. सोफ्यावर अजिबात घ्यायचं नाही, आपण जेवल्याशिवाय त्याला द्यायचं नाही, दारातून आपण आधी जायचं. गुरगुरली की मान धरून उताणं पाडायचं आणि शांत होईपर्यंत दाबून धरायचं. आमच्याकडे लहानपणापासून कुत्री आहेत, एकदा अल्फा कोण ते कळलं की गाय होतात.

टिपकागद

@बिनधास्त७ तुमच्या अनुभवाचा मान राखून सांगतो, पण हे नवख्या माणसाने वाचून करून बघितलं तर चेहऱ्याला टाके पडतील. चार वर्षांचं घाबरलेलं कुत्रं, त्याला उताणं पाडून आपण त्याच्या तोंडावर वाकायचं?

हे अल्फा प्रकरण आलं कुठून तेही सांगतो, कारण दर वेळी निघतं. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं, बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेले लांडगे, पळून जायला वाव नाही, साहजिकच मारामाऱ्या. त्यावरून कळपाचा राजा वगैरे कल्पना पसरली आणि तिथून कुत्र्यांच्या ट्रेनिंगमध्ये घुसली. मग डेव्हिड मीच (Mech), ज्यांनी स्वतः हा शब्द लोकप्रिय करायला हातभार लावला होता, त्यांनी जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं बघून १९९९ मध्ये लिहिलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, तिथे सत्तेसाठी कुस्त्या वगैरे चालत नसतात. म्हणजे मूळ लांडग्यांनाच जे लागू नाही ते आपण सोफ्यावर बसलेल्या गुंडीला लावतोय.

आणि २००९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लोकांनी, वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारलं होतं की तुम्ही काय काय करून बघितलं आणि कुत्र्याने काय केलं. उताणं पाडून दाबणाऱ्यांपैकी ३१ टक्के लोकांचं कुत्रं उलटून अंगावर आलं होतं, मारणाऱ्या-लाथ घालणाऱ्यांत ४३ टक्के. गाय वगैरे काही झालेली दिसत नाहीत ती.

सोफ्यावर घ्यायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, त्यात अल्फाबिल्फा काही नाही. मी घेतो. केस फार होतात हीच काय ती तक्रार.

बिनधास्त७

ठीक आहे, ज्याचा त्याचा अनुभव. आमचं कुत्रं तरी कुणाला चावलं नाही.

पाणकोंबडी

मी पशुवैद्य आहे त्यामुळे माझं तुणतुणं वेगळं. ट्रेनिंग वगैरे सगळं बरोबर, पण आधी डॉक्टरकडे न्या हो तिला. शेल्टरमध्ये झालेली तपासणी ही घाऊक असते, पन्नास जनावरांत एक, त्यांचाही दोष नाही.

दोन गोष्टी तुमच्या पोस्टमध्ये खटकल्या. एक, "विशेषतः डोक्याकडे हात नेला की". कान, दात, मान यातलं काहीतरी दुखत असू शकतं. कान हलवते का सारखे, एकाच बाजूने चावते का, कानाला वास येतो का बघा. दुखणं लपवण्यात कुत्री पटाईत असतात आणि ज्याला आपण स्वभाव म्हणतो ते कितीदा तरी नुसतं दुखणं निघतं. दुसरं, फिरून आल्यावर लगेच शू. थोडी थोडी, वारंवार होत असेल, नंतर तिथेच चाटत बसत असेल तर युरीन तपासून घ्या, मादीमध्ये मूत्रमार्गाचं इन्फेक्शन अगदी नेहमीचं आहे. झोपेत गादी ओली होत असेल तर ते आणखी वेगळं, ऑपरेशन झालेल्या काही माद्यांमध्ये हॉर्मोन कमी झाल्यामुळे गळतं, त्याला औषध आहे. दोन्हींतलं काही नसेल तर मग सवयीचा भाग, पण ते शेवटी.

जाताना सकाळची ताजी शू स्वच्छ डबीत घेऊन जा. हसू नका, सपाट वाटी लांब चमच्याला चिकटवून मागून हळूच सरकवायची, जमतं. तपासणीत गोचीड तापाची रक्त तपासणी आणि जंतांसाठी शी तपासणी पण सांगा. आणि कृपा करून घरातल्या गोळ्या देऊ नका, पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन दोन्ही कुत्र्याला घातक ठरू शकतात. अंग गरम लागतंय म्हणून गोळी दिली असं सांगणारे लोक दर महिन्याला येतात, अहो कुत्र्याचं नॉर्मलच १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, ते आपल्या हाताला गरमच लागणार.

गालिचा फिनाईलने पुसत असाल तर उपयोग नाही, आपल्याला फिनाईलचा वास येतो, तिला खालचा शूचाच येतो आणि ती परत तिथेच जाते. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते वापरा, नुसतं फवारून पुसायचं नाही, मुरू द्यायचं. सध्या गालिचा गुंडाळून ठेवलात तर सगळ्यात सोपं.

रातकिडा

एकटं ठेवल्यावर रडण्याबद्दल लिहितो, कारण आमच्या साहेबांनी त्यापायी मुख्य दाराची आतली बाजू सोलून काढली होती, पंजे रक्ताळले तरी थांबला नव्हता.

पहिलं काम म्हणजे जुना मोबाईल कॅमेरा म्हणून लावून बाहेर जा आणि बघा नक्की काय करते. पाच मिनिटं कुईकुई करून झोपत असेल तर काही विशेष नाही. पण येरझाऱ्या, धापा, लाळेने फरशी ओली, दारखिडक्यांशी झटापट, तुम्ही ठेवलेली आवडती ट्रीटही तशीच पडलेली, असं असेल तर ती घाबरलीय, कंटाळलेली नाही. हा फरक कळला की अर्धं काम झालं. कारण कंटाळलेल्याला खेळणं पुरतं, घाबरलेल्याला पुरत नाही.

मग उलट्या दिशेने सुरुवात. चप्पल घालायची, किल्ली वाजवायची आणि परत सोफ्यावर येऊन बसायचं. दिवसातून कितीही वेळा. ती चप्पल बघून उठेनाशी झाली की दार उघडून बंद करायचं, मग बाहेर पाऊल टाकून आत, मग दहा सेकंद, मग अर्धा मिनिट, ती घाबरायच्या आत परत यायचं हे महत्त्वाचं. आज पाच मिनिटं राहिली म्हणून उद्या थेट तास करायचा मोह होतो, तो करू नका. या काळात खरोखर बाहेर जायचं असेल तर कुणीतरी घरी राहील असं बघा, तुमच्याकडे सासूबाई आहेत हे नशीब, तेवढ्या निमित्ताने दोघींची गट्टीही होईल.

आमच्याकडे नुसत्या सरावाने नाही भागलं, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. लोक नाकं मुरडतात, कुत्र्याला कसल्या मनाच्या गोळ्या म्हणून. पण फ्लुओक्सेटिन नावाच्या गोळीला या एकटं राहायच्या भीतीच्या आजारासाठी कुत्र्यांमध्ये अमेरिकेत २००७ पासून रीतसर मान्यता आहे. गोळी जादू करत नाही, असर दिसायला काही आठवडे जातात, फक्त शिकण्याइतकं डोकं ताळ्यावर येतं. अर्थात डॉक्टर म्हणतील तरच.

दुपारची_झोप

एवढे सविस्तर प्रतिसाद! खूप खूप आभार सगळ्यांचे. अडगळ, तुम्ही विचारलंत म्हणून जुने व्हिडिओ काढून बघितले, अंघोळीच्या व्हिडिओत अगदी तेच, कान मागे, जीभ सारखी ओठांवरून, आणि मागून माझाच आवाज येतोय किती शहाणी गं बाई ती. पाणकोंबडी, डॉक्टरांची वेळ घेतलीय, वाटी आणि चमचाही तयार आहे.

नवऱ्याबद्दल आणि लेकीबद्दल कुणी सांगेल का? नवरा ट्रीट हातात धरून तिला बोलावतो, ती मान लांब करून घेते आणि लगेच पळते. लेकीला वाटतं मिठी मारली की मैत्री होते.

अडगळीची_खोली

नवऱ्याला सांगा हातातून देणं तूर्त बंद. ती खाण्याच्या लोभाने जवळ येते, घास घेतल्यावर तिच्या लक्षात येतं की आपण फारच जवळ आलोय, आणि मग दचकते. त्याऐवजी त्यांनी जमिनीवर बसायचं, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून, डोळ्यात बघायचं नाही, मोबाईल बघत बसले तरी उत्तम. आणि ट्रीट तिच्या मागे फेकायची. म्हणजे ती खायला त्यांच्यापासून लांब जाते, तिला हायसं वाटतं, आणि मग पुढची हवी म्हणून स्वतःच्या मर्जीने परत वळते. दोन दिवसांत बघा, ती दर वेळी थोडी जास्त पुढे येऊन थांबेल. जवळ आली तरी हात लावायचा नाही. हे पुरुषमंडळींना फार जड जातं, आमच्याकडेही ह्यांचा हात आपोआप डोक्यावर जायचा. वरून येणारा हात कुत्र्यांना नकोच असतो, द्यायचाच तर खालून, छातीपाशी.

काठी, झाडू, छत्री, कमरेचा पट्टा काढणं, टोपी, यातलं कशाने दचकते का तेही टिपून ठेवा. कधी कधी माणसाची नव्हे, त्याच्या हातातल्या वस्तूची भीती असते.

लेकीला मिठीऐवजी "तीन मोज" हा खेळ शिकवा. गुंडी स्वतः जवळ आली तरच, छातीशी खाजवत एक दोन तीन मोजायचं आणि हात काढून घ्यायचा. तिने नाकाने हात ढकलला, अंग टेकवलं तर परत तीन. तोंड वळवलं, अंग झटकलं, उठून गेली तर खेळ संपला. मुलांना नियम असलेला खेळ आवडतो, माझी भाची तर मोठ्यांना ओरडते तीन झाले म्हणून. जेवताना, झोपेत आणि तिच्या जागेवर असताना लेकीने जवळ जायचं नाही, आणि दोघींना एकटं सोडायचं नाही, ती कितीही गोड वागत असली तरी. चुकून दात लागलाच तर किरकोळ म्हणून सोडू नका, साबण आणि वाहतं पाणी घेऊन पंधरा मिनिटं धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा, तिची लस झालेली असली तरी.

टिपकागद

वर सगळं आलंय, एकच राहिलं. पट्टा. नवीन आणलेली घाबरट कुत्री मान मागे खेचून कॉलरमधून सटकन निसटतात आणि मग त्यांना घर कुठे आहे तेही माहीत नसतं, आपल्या हाकेलाही येत नाहीत. हार्नेस म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, त्यातला पोटामागून दुसरा पट्टा असलेला घ्या, एक दोरी हार्नेसला, एक कॉलरला, दोन्ही आपल्या हाताला. नावनंबराची चकती आजच लावा. शेल्टरने मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली असते ती ओळख नंबराची बारीक चिप, बसवलीय का विचारा, बसवली असेल तर त्या १५ आकडी नंबरावर तुमचं नाव आणि फोन चढवून घ्या, नाहीतर चिप असून नसल्यासारखी. आणि चिप म्हणजे जीपीएस नव्हे, ती कुणीतरी स्कॅन केल्याशिवाय काही सांगत नाही, हा गैरसमज फार आहे.

आणि फिरवणं म्हणजे अर्धा तास भराभर चालवणं नाही हो, हुंगू द्या तिला. एका खांबापाशी पाच मिनिटं घालवली तर घालवू द्या. शू पण मग बाहेरच होईल, घाबरलेल्या कुत्र्याला चालता चालता शू होत नाही, घरी आल्यावर सुटल्यासारखं वाटतं आणि मग गालिचा.

पाणकोंबडी

हा शेवटचा मुद्दा एकदम करेक्ट. +१

दुपारची_झोप

अपडेट देते, कारण अर्धवट सोडलेले धागे वाचून माझीच चिडचिड व्हायची.

डाव्या कानात खोलवर इन्फेक्शन निघालं, डॉक्टर म्हणाले बरंच जुनं असणार. थेंब चालू आहेत. युरीनमध्येही इन्फेक्शन होतं, त्याचा कोर्स पूर्ण होतोय, घरातली शू जवळजवळ बंद. कान सुकत आलाय तसं डोक्याकडे हात नेल्यावरचं गुरगुरणं खूपच कमी झालंय, सोफ्यावर मात्र अजून अधूनमधून ऐकवते, आम्ही "उतर" खेळतो. हार्नेस आणलाय, चिप होती पण शेल्टरच्याच नावावर, बदलून घेतली. एकटं राहायचा सराव अगदी सेकंदांवर आहे, चप्पल घातली तर आता एक डोळा उघडून परत झोपते, दार वाजलं की उठते अजून. नवऱ्याच्या पायाशी येऊन त्याचे मोजे हुंगून जाते, तो श्वास रोखून बसलेला असतो. सासूबाईंनी परत देण्याचा विषय काढलेला नाही, उलट काल मलाच म्हणाल्या तिचा तिसरा अंक झाला, हात काढ.

आता लेकीचं टुमणं सुरू झालंय की गुंडीला सोबत म्हणून आणखी एक आणूया, म्हणजे ती एकटी रडणार नाही. शेल्टरमध्ये एक लहान आहेही. काय वाटतं?

रातकिडा

एवढ्यात नको. ती कुत्र्यासाठी रडत नाही, तुमच्यासाठी रडते, दुसरं आणलं तरी रडणारच, आणि नवं पिल्लू तिचं बघून सुरात सूर मिसळेल. गुंडीचा कान बरा होऊ दे, ती तासभर तरी एकटी झोपायला लागू दे, मग एखाद्या शांत कुत्र्यासोबत लांबून समांतर फिरवून बघा तिला दुसरं कुत्रं मुळात आवडतं का. न आवडणारी पण असतात.

अडगळीची_खोली

अनुमोदन. आणि फोटो टाका की गुंडीचा, इतकं लिहून घेतलंत आमच्याकडून.